सांडलेले रसायन कोणी उचलायचे? कायदा काय सांगतो आणि वस्तीने काय मागायचे

31 ऑगस्ट 2019, शनिवारची सकाळ. शिरपूर तालुक्यातील वाघाडी गावाजवळच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला आणि किमान 13 माणसे गेली. जखमींची संख्या कितीतरी अधिक होती. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली, चौकशीचे आदेश निघाले, पुढारी येऊन गेले. धुळे जिल्ह्यातल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हा दिवस आठवतो.

पण त्या दिवसाची आठवण काढताना आपण एक प्रश्न सहसा विचारत नाही. आग विझल्यावर मागे काय उरते? फुटलेल्या ड्रममधले रसायन, आग विझवताना मारलेल्या पाण्यात मिसळून वाहिलेले रसायन, मातीत मुरलेले रसायन. ते कोणी उचलायचे, कुठे न्यायचे, त्याचा खर्च कोणी भरायचा आणि शेजारच्या विहिरीचे पाणी पिण्यालायक आहे हे कोणी सांगायचे? मृतांच्या आकड्यावर बातमी संपते, आणि वस्तीचे पुढचे आयुष्य त्याच मातीवर सुरू राहते. या प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत. ती एका कायद्यात नाहीत, सहा-सात ठिकाणी विखुरलेली आहेत, आणि म्हणूनच कुणाच्या हाती लागत नाहीत.

हा विषय फक्त कारखान्याशेजारच्या लोकांचा आहे असेही समजू नये. धुळे हे महामार्गांच्या चौकात वसलेले शहर आहे. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूर-धुळे असे तीन मोठे रस्ते इथे भेटतात. गुजरातच्या रसायनपट्ट्यातून विदर्भाकडे आणि मुंबईकडून मध्य प्रदेशाकडे जाणारे टँकर इथूनच जातात. दरवर्षी 31 जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर भीमस्मृती यात्रेला जातो, तेव्हा खालच्या घाटातून उतरणाऱ्या टँकरांची रांग आपल्याला दिसतेच. याच महामार्गावर पळासनेर इथे 4 जुलै 2023 रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला आणि दहा जण गेले. त्या जागी रसायनाचा टँकर असता तर काय, हा विचार तरी करायला हवा. अवधान आणि नरडाण्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यांचेही तेच. रस्त्यालगतच्या जागेवर कोणाच्या वस्त्या असतात, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही. गावात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांच्या.

आता कायद्याकडे येऊ. भोपाळनंतर आलेल्या पर्यावरण (संरक्षण) कायदा 1986 चे कलम 9 हे या सगळ्याचे मूळ आहे. कलम लहान आहे आणि अर्थ सरळ आहे. अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक बाहेर पडले, किंवा पडण्याची भीती असली, तर ज्याच्यामुळे ते पडले तो आणि ती जागा ज्याच्या ताब्यात आहे तो, असे दोघेही ते रोखायला आणि कमी करायला बांधील आहेत. त्यांनी ताबडतोब प्रशासनाला कळवायचे आणि मागितली ती मदत करायची. प्रशासनाने शक्य तितक्या लवकर उपाययोजना करायची. त्यासाठी सरकारी यंत्रणेचा जो खर्च होईल तो व्याजासह संबंधिताकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतो. शेतसारा थकला तर जप्तीची नोटीस कशी येते हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. तोच मार्ग कारखानदाराच्या आणि टँकरमालकाच्या बाबतीतही खुला आहे. तो वापरला जातो का, हा वेगळा प्रश्न.

प्रत्यक्षात रस्त्यावर काय घडते? टँकर उलटतो. पोलीस येतात आणि त्यांचे पहिले काम वाहतूक मोकळी करणे असते, ते बरोबरही आहे. मग जेसीबी येतो. सांडलेल्या रसायनावर माती टाकली जाते, ती माती ढकलून रस्त्याकडेच्या चारीत लोटली जाते, उरलेल्यावर पाणी मारले जाते. दोन तासांत रस्ता स्वच्छ. ती चारी पुढे नाल्याला मिळते आणि नाला वस्तीच्या मागून जातो. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते, खाली काळा पाषाण आहे आणि त्याच्याही फटींतून पाणी चालते. वर सांडलेले विहिरीत यायला पाईपलाईन लागत नाही.

धोकादायक रसायनाने माखलेली माती ही कायद्याने साधी माती राहत नाही, ती घातक कचरा ठरते. घातक व इतर कचरा नियम 2016 नुसार ती उचलून अधिकृत प्रक्रिया केंद्रातच न्यावी लागते. महाराष्ट्रात अशी केंद्रे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. धुळ्याहून यातले एकही जवळ नाही. वाहतूक महाग पडते, म्हणून चारी स्वस्त वाटते. याच नियमांनुसार पर्यावरणाचे किंवा तिसऱ्या माणसाचे जे नुकसान होईल त्याला कचऱ्याचा धनी आणि वाहतूकदार जबाबदार असतात. त्या जागी काम करणाऱ्यांना प्रशिक्षण, साधने आणि माहिती देणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

हा मुद्दा मला थोडा सविस्तर मांडायचा आहे, कारण तो थेट आपल्या माणसांचा आहे. वस्तीत किंवा शहराच्या हद्दीत काही सांडले की पहिला फोन महापालिकेच्या आरोग्य विभागाला जातो आणि झाडू, फावडे, घमेले घेऊन येतो तो सफाई कामगार. तो मेहतर असतो, वाल्मीकी असतो, आपला बौद्ध भाऊ असतो, आणि हल्ली बहुतेक वेळा ठेकेदाराकडचा असतो. त्याला हे काय सांडले आहे ते कोणी सांगत नाही. पायात चप्पल, तोंडाला रुमाल. कायदा मात्र म्हणतो की हे काम सांडणाऱ्याचे आहे, त्याच्या खर्चाने आणि प्रशिक्षित माणसांकडून. जात माणसाला घाणीशी बांधते, आणि मग घाण कोणाचीही असो, उचलणारा तोच ठरतो. रसायनाच्या बाबतीतही हीच सवय चालू राहते. कामगार संघटनेत काम करणाऱ्या मित्रांनी लेखी मागणी करून ठेवावी की अनोळखी रसायन उचलायला सफाई कामगाराला पाठवू नये. रसायन गटारात गेले आणि चेंबर साफ करायला माणूस साधनांशिवाय आत उतरवला, तर तो 2013 च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे. गटारात मृत्यू झाल्यास 30 लाखांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिलेला आहे.

टँकरबद्दल केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 बोलतात. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर माहितीचा फलक हवा: पदार्थाचे नाव, चार आकडी संयुक्त राष्ट्र क्रमांक, धोक्याचे चिन्ह, आणीबाणीत फोन करायचा क्रमांक. अपघात झाला तर चालकाने लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवणे बंधनकारक आहे. चार आकडे ओळखता येणे अवघड नाही. 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन, 1830 सल्फ्युरिक आम्ल. फलकावर 'हॅझकेम' म्हणून दोन-तीन अक्षरांचा संकेत असतो. त्याच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर आसपासच्या लोकांना हलवण्याची वेळ येऊ शकते, असा त्याचा अर्थ. 112 ला फोन करताना 'टँकर उलटला' एवढेच सांगण्यापेक्षा हा क्रमांक सांगितला तर अग्निशमन दल योग्य तयारीने येते. मात्र क्रमांक वाचायला टँकरजवळ जायचे नाही. लांबूनच मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठे करून वाचायचे, तेही वारा आपल्या पाठीमागून टँकरकडे वाहत असेल तर. आणि बादल्या-कॅन घेऊन धावणाऱ्यांना अडवायचे. सांडलेले तेल भरून आणायला गेलेली माणसे जळून मेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. गरिबीला हसण्याची ही जागा नाही, पण अडवायचे.

कारखान्यांसाठी 1989 चे घातक रसायनांचे नियम आहेत. मोठा अपघात झाल्यास 48 तासांत कळवणे, कारखान्याच्या आतला आपत्ती आराखडा, दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम, आणि बाहेरच्या वस्तीसाठी प्रशासनाचा वेगळा आराखडा, ज्याची वर्षातून एकदा तरी तालीम व्हायला हवी. शेजारच्या लोकांना धोका कोणता आणि अपघातात काय करायचे हे आधीच सांगणे कारखानदाराचे काम आहे. धुळ्यातल्या दोन-तीन वस्त्यांमध्ये तरुणांशी बोलताना मी विचारले की अशी तालीम कोणी पाहिली आहे का. एकही हात वर आला नाही. यात एक मोठी फट आहे, ती लक्षात ठेवावी. हे नियम साठ्याच्या प्रमाणावर चालतात. उदाहरणार्थ, अमोनियाचा साठा 60 टनांच्या आत असेल तर आराखड्याची आणि शेजाऱ्यांना माहिती देण्याची ही बंधने लागू होत नाहीत. खानदेशात अमोनियावर चालणारी शीतगृहे, दूध आणि बर्फाचे प्रकल्प यांचे साठे बहुधा याहून फार कमी असतात. वस्तीला गुदमरायला मात्र 60 टन लागत नाहीत.

याच नियमांना जोडून 1996 साली रासायनिक अपघातांचे नियम आले, आणि माझ्या मते कार्यकर्त्यांच्या सर्वाधिक कामाचे नियम हेच आहेत. त्यांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर क्रायसिस ग्रुप नेमायला सांगितले. जिल्हा गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, बैठक दर 45 दिवसांनी. औद्योगिक वसाहतीच्या लोकल क्रायसिस ग्रुपचे अध्यक्ष प्रांताधिकारी, सचिव कारखाना निरीक्षक, बैठक दर महिन्याला. या स्थानिक गटात कारखानदार, वाहतूकदार, पोलीस, अग्निशमन अधिकारी, गटविकास अधिकारी आणि आरोग्य अधिकारी असतात. त्यांच्याबरोबर सरपंच किंवा वस्तीचा प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थेचा एक प्रतिनिधी, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, परिसरातले दोन डॉक्टर आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असावेत, असे नियमांची अनुसूची सांगते. नेमणूक अध्यक्ष करतात.

म्हणजे टेबलाभोवती आपल्यासाठी खुर्ची ठेवलेली आहे. ती रिकामी आहे की तिथे कारखानदाराच्याच ओळखीचा 'समाजसेवक' बसवला आहे, हे माहिती अधिकारात एका अर्जाने कळते. अर्ज प्रांताधिकारी कार्यालयात द्यायचा आणि तीन गोष्टी मागायच्या: गटाच्या सदस्यांची सध्याची यादी, मागील दोन वर्षांच्या बैठकांचे इतिवृत्त, आणि सहामाही रंगीत तालमीचे अहवाल. या गटाने लोकांच्या चौकशीला उत्तर द्यावे आणि मागणी केल्यास संभाव्य अपघाताची माहिती द्यावी, असेही नियमांत आहे. म्हणजे माहिती अधिकाराशिवाय साध्या पत्रानेही विचारता येते. तरी मी अर्जच सुचवीन, कारण पत्राला तारीख नसते. परिसरात धोकादायक साठ्याचा कारखाना असूनही गट नेमलेलाच नाही असे उत्तर आले, तर तोही कागद महत्त्वाचा आहे.

नुकसानभरपाईबद्दल आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे. मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलेली मदत म्हणजेच भरपाई, असे लोक धरून चालतात. ती मदत आहे, सरकारची मर्जी आहे. हक्काची भरपाई वेगळी आहे. सार्वजनिक दायित्व विमा कायदा 1991 प्रमाणे धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्याला, त्यात वाहतूकही आली, विमा काढावाच लागतो. अपघातात कारखान्याच्या कामगाराव्यतिरिक्त कोणी मेला, जखमी झाला, कोणाचे घर किंवा गुरे गेली, तर चूक कोणाची हे सिद्ध न करता दिलासा मिळतो. कामगारांसाठी वेगळा कायदा आहे. अपघाताचे कळल्यावर जिल्हाधिकाऱ्यांनी स्वतः खातरजमा करून लोकांकडून अर्ज मागवायचे, तशी प्रसिद्धी द्यायची आणि शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यायचा. अर्जाची मुदत पाच वर्षे. मूळ कायद्यात मृत्यूसाठी ठेवलेली रक्कम 25,000 रुपये होती आणि ती तीस वर्षे तशीच राहिली, ही लाजेची गोष्ट आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने रक्कम नियमांनी ठरवण्याची सोय केली. त्याच जनविश्वास कायद्याने पर्यावरण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतची कैदही काढून टाकली. 1 एप्रिल 2024 पासून तिथे 10,000 ते 15 लाख रुपये दंड आहे. उद्योगांवर 'विश्वास' म्हणून तुरुंग गेला. ज्यांच्या विहिरी गेल्या त्यांच्यावर कोणी किती विश्वास दाखवला, हे ज्याने त्याने ठरवावे.

न्यायालयांनी मात्र कायद्याच्या पुढे जाऊन दोन पायऱ्या बांधल्या. दिल्लीत 4 डिसेंबर 1985 रोजी श्रीराम कंपनीतून ओलियम वायू गळला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'संपूर्ण दायित्वा'चे तत्त्व मांडले: धोकादायक धंदा करणाऱ्याला 'मी काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. दुसरा खटला राजस्थानातल्या बिछडी गावाचा. उदयपूरजवळच्या या गावात एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या. 13 फेब्रुवारी 1996 च्या निकालात न्यायालयाने सांगितले की माती आणि पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही प्रदूषण करणाऱ्यानेच द्यायचा. पुढे तो खर्च 37 कोटींच्या वर ठरला. कंपनीने पैसे न भरता अर्जावर अर्ज केले, आणि 2011 साली न्यायालयाला चक्रवाढ व्याज लावावे लागले. निकाल मिळणे आणि माती साफ होणे यात पंधरा वर्षांचे अंतर पडू शकते, हे बिछडीवरून कळते.

भोपाळमध्ये तर चाळीस वर्षे गेली. युनियन कार्बाइडच्या आवारातला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये कंटेनरांत भरून पीथमपूरला नेला आणि जूनअखेरपर्यंत जाळला. धुळ्याहून शिरपूर, सेंधवा ओलांडून आग्रा रोडने पुढे गेले की पीथमपूर येते. तिथल्या लोकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. एका गरीब वस्तीचे विष दुसऱ्या गावाच्या शेजारी, असा तो प्रकार होता. भोपाळच्या कारखान्याभोवतीची माती आणि भूजल यांचा प्रश्न त्यानंतरही शिल्लकच आहे.

जुन्या दूषित जागांसाठी आजवर स्वतंत्र नियमच नव्हते. ते जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित दूषित जागांची यादी करायची. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर पाहणी. तपासणीत 189 घातक पदार्थांचा विचार होतो. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचे, तिथे जाण्यावर निर्बंध घालायचे, तज्ज्ञ संस्थेकडून सफाईचा आराखडा करून घ्यायचा आणि 90 दिवसांत जबाबदार कोण ते ठरवायचे. त्याने खर्च द्यायचा. तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर केंद्र आणि राज्याने खर्च उचलायचा. देशात अशा 103 जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि नियम आले तेव्हा त्यातल्या फक्त सात ठिकाणी काम सुरू झाले होते. प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, पण जागा प्रत्यक्ष साफ कधी व्हायला हवी याला मुदत नाही. तरीही सहामाही यादीत आपल्या भागातली जागा घालून घेणे हे आपल्या हातात आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना गट नंबर, काय सांडले होते, कधी सांडले होते, आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल असे निवेदन द्यावे लागेल.

पाण्याच्या तपासणीबद्दल एक व्यवहारी सूचना. विहिरीचे पाणी नेहमीच्या तपासणीला दिले तर क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, जिवाणू इतकेच पाहिले जाते आणि 'पिण्यास योग्य' असा शिक्का येऊ शकतो. सांडलेल्या रसायनाची तपासणी नाव घेऊन मागावी लागते. म्हणून पंचनाम्यात रसायनाचे नाव यायलाच हवे. तलाठी पंचनामा करत असताना आपण तिथे असावे आणि त्यात किती जागेवर सांडले, कोणत्या नाल्याकडे वाहिले, सर्वात जवळची विहीर किंवा हापसा किती अंतरावर आहे, माती कुठे नेली हे लिहून घ्यावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाला बोलावून मातीचा आणि पाण्याचा नमुना घ्यायला लावावे. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नाशिकला आहे, त्यामुळे ईमेल पहिल्याच तासात जायला हवा. उल्हासनगरमध्ये नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतले आणि शेकडो रहिवाशांना दवाखान्यात न्यावे लागले. अशा वेळी दवाखान्याच्या केसपेपरवर 'रासायनिक वायूची बाधा' असे लिहून घेणे हाही पुरावाच असतो. नुसते 'चक्कर, उलटी' लिहिले तर पुढे काही सिद्ध होत नाही.

काही मित्र विचारतात की बौद्ध वस्तीची विहीर नासली तर ॲट्रॉसिटी लावता येईल का. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांच्या वापरातले पाणी खराब करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे, हे खरे. पण टँकर अपघाताने उलटला असेल तिथे हे कलम लावायला गेल्यास मुख्य मागणी, म्हणजे सफाई आणि भरपाई, बाजूला पडते. कोणी जाणूनबुजून आपल्या पाणवठ्यात ओतले असेल तर गोष्ट वेगळी. माझा सल्ला असा की प्रथम कलम 9, विमा कायदा आणि गरज पडल्यास राष्ट्रीय हरित लवाद. लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. 2010 च्या कायद्याच्या कलम 15 खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा आदेश मागता येतो, मुदत पाच वर्षे. विशाखापट्टणमला 7 मे 2020 रोजी स्टायरीन वायू गळला तेव्हा याच लवादाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला 50 कोटी जमा करायला सांगितले होते.

येत्या महिन्यात शिरपूर, शिंदखेडा आणि धुळे या तिन्ही ठिकाणच्या तरुणांनी आपापल्या प्रांत कार्यालयात वर सांगितलेला अर्ज दिला तर तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर प्रथम अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे, त्यालाही तीस दिवसांची मुदत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचे नाही.